फोर-व्हील : वाट नव्हती तेव्हापासून आजपर्यंत



मस्कतला नवीन आलेल्या कुटुंबाचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला घराचा, दुसरा मुलांच्या शाळेचा, तिसरा ड्रायव्हिंग लायसन्सचा. ड्रम, स्लोप आणि रोड या टेस्ट एकदाच्या पार पडल्या आणि लायसन्स हाती आले, की चौथा प्रश्न हमखास येतो : "साधी गाडी घ्यावी की फोर-व्हील? आणि घेतलीच तर तिला काय काय बसवून घ्यावे?"

प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. इकडे पुण्याच्या किंवा डोंबिवलीच्या फ्लॅटचे हप्ते चालू असतात. डाव्या स्टिअरिंगची ही गाडी पुढे भारतात नेता येत नाही, म्हणजे तिच्यात घातलेला पैसा इथेच राहणार. आणि याच गाडीच्या भरवशावर आपण बायकामुलांना, सुट्टीत आलेल्या आई-वडिलांना डोंगरात, वाळूत आणि वादीत नेणार. म्हणून या अंकात आम्ही या गाडीचा इतिहास सांगायचे ठरवले आहे. तिच्यावर बसवल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूमागे कधीकाळी कोणाची तरी खरी गरज होती. ती गरज आज आपली आहे का, एवढे कळले की दुकानात गेल्यावर काय घ्यायचे आणि कशाला "नको" म्हणायचे हे आपोआप कळते.

रस्ताच नव्हता तेव्हा

ओमानमध्ये रस्ते आले ते मोटारींच्या मागून. १९५४ च्या फेब्रुवारीत तेलाचा शोध घेणारी एक तुकडी समुद्रमार्गे दुकम येथे उतरली. बरोबर मोटारी होत्या, पण रस्ता कसला तो नव्हता. वाळू, खडी आणि कोरडी पात्रे तुडवत हे लोक आतल्या भागाकडे सरकले आणि त्याच वर्षी फहूदला पोचले. तिथली पहिली विहीर कोरडी निघाली. पुढे यिबाल, नातिह आणि फहूद येथे तेल सापडले व १९६७ च्या जुलैत मिना अल फहलहून तेलाचे पहिले जहाज निघाले. आपल्यापैकी अनेकांच्या नोकऱ्या ज्या तेलावर उभ्या आहेत, त्याच्यापर्यंतची पहिली वाट टायरांच्या चाकोऱ्यांनी पडलेली होती.

१९५५ च्या डिसेंबरात सुलतान सईद बिन तैमूर सलालाहून मोटारींचा ताफा घेऊन निघाले आणि वाळवंट ओलांडून निझव्याला पोचले. ओमानचा हा पट्टा मोटारीने ओलांडणारा हा पहिलाच प्रवास मानला जातो. ताफ्याबरोबर 'टाइम्स'चा एक तरुण इंग्रज बातमीदार होता, जेम्स मॉरिस. (पुढे ते जॅन मॉरिस या नावाने प्रसिद्ध झाले.) त्यांनी या प्रवासावर 'सुलतान इन ओमान' हे पुस्तक लिहिले. गंमत अशी, की मोटारीने देश ओलांडणाऱ्या याच सुलतानांच्या राज्यात सामान्य माणसाला मोटार आणायची तर त्यांची परवानगी लागत असे. रात्री जुन्या मस्कतचे दरवाजे बंद होत आणि नंतर बाहेर फिरायचे तर हातात कंदील लागे.

२३ जुलै १९७० रोजी सुलतान काबूस गादीवर आले, तेव्हा साऱ्या देशात डांबरी रस्ता जेमतेम १० किलोमीटर होता. हा आकडा आपण दर राष्ट्रीय दिनाला ऐकतो आणि विसरतो, पण आपल्या प्रश्नाचे मूळ त्यातच आहे. इथे फोर-व्हील आली ती चैन म्हणून नव्हे. ती नसेल तर उंट किंवा गाढव, एवढाच पर्याय होता.

एकाच घराण्यातली भावंडे

आता गाडीच्या घराण्याकडे वळू, कारण त्यात आपले मुंबईही आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, अमेरिकन सैन्यासाठी विलीज कंपनीची जीप तयार होऊ लागली. युद्ध संपल्यावर तिची पिले जगभर निघाली. इंग्लंडमध्ये तिच्यावरूनच कल्पना घेऊन लँड रोव्हर बनली आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. युद्धानंतर पोलाद मोजून मिळत असल्यामुळे तिचे अंग ॲल्युमिनियमचे केले होते. जपानमध्ये टोयोटाने १९५१ साली स्वतःची 'टोयोटा जीप' बनवली. ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली, तेव्हा तिथल्या पोलिसांना ती पटली. 'जीप' हे नाव दुसऱ्याचे असल्याने १९५४ मध्ये तिचे बारसे 'लँड क्रूझर' असे झाले. निसानची पेट्रोलही १९५१ चीच. (हे गाडीचे नाव, पंपावरचे पेट्रोल नव्हे!)

आणि मुंबईत? महिंद्रांनी १९४७ पासून तीच विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. आपल्या लहानपणी तहसीलदार, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणि फौजदार ज्या जीपमधून धुरळा उडवत येत, ती आणि मस्कतच्या रस्त्यावरची लँड क्रूझर ही एकाच आजोबांची नातवंडे. फरक एवढाच, की आपल्याकडच्या जीपला गावांनी आपल्या गरजेप्रमाणे वळण दिले. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे तिचे 'वडाप' झाले. मागे आडवी बाकडी, वर ताडपत्री, टपावर कॅरियर, कॅरियरवर पोती आणि मागच्या पायरीवर लटकलेली दोन माणसे. गाडी कामाप्रमाणे बनवून घेणे, ज्याला आजकाल कस्टमायझेशन म्हणतात, ते आपल्याला काही नवीन नाही.

सैन्याने काय बसवले आणि का

ओमानमध्ये या गाड्यांत पहिले मोठे फेरफार झाले ते सैन्याच्या हातून. धोफारचे युद्ध १९६५ ते १९७५ चालले. वाटांवर सुरुंग पेरलेले असत, म्हणून लँड रोव्हरच्या तळाशी वाळूची पोती पसरत. ब्रिटिश सैन्याने १९६८ मध्ये ७२ लँड रोव्हर खास वाळवंटासाठी तयार करून घेतल्या. त्यांना चक्क गुलाबी रंग दिला होता, कारण पहाटे व संध्याकाळी वाळवंटाच्या धुळीत तो रंग मिसळून जातो. 'पिंक पँथर' या नावाने त्या ओळखल्या गेल्या. जादा इंधन, पाणी, दोर, वाळूत चाकाखाली घालायच्या पट्ट्या असे सगळे सामान बाहेरच्या अंगाला चटकन हाताशी येईल असे लावलेले असे.

आज गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात जी चित्रे लावलेली दिसतात, त्यांचे मूळ इथे आहे. पुढचा जाडजूड लोखंडी गार्ड, टपावर चार दिवे, मागे लटकवलेले जेरीकॅन. पण त्या माणसांना पंधरा-पंधरा दिवस पेट्रोल पंपाचे दर्शन होत नव्हते. आपल्याला शुक्रवारी सकाळी निघून रात्री घरी यायचे असते.

कुटुंबाची गाडी कधी झाली

सत्तरच्या दशकात रस्त्यांची कामे झपाट्याने सुरू झाली आणि त्याबरोबर इंजिनिअर, डॉक्टर, हिशेबनीस, फोरमन असे आपले लोकही येऊ लागले. आधी एकटे, मग कुटुंबासह. १९७५ मध्ये इंडियन स्कूल मस्कत सुरू झाली, आणि मुलांच्या शिक्षणाची सोय झाल्यावर बिऱ्हाडे वाढली.

याच काळात गाडीही माणसाळत होती. लँड क्रूझरची मोठी स्टेशन वॅगन १९६७ ची. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली तेव्हा तिला कमानपाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या. बसणाऱ्याच्या कंबरेला हा फरक लगेच कळतो! १९८० ची '६०' मालिकेतली लँड क्रूझर अजून पाट्यांवरच चालत होती, पण तिच्यात एसी आणि ऐसपैस जागा होती. १९८२ ला मित्सुबिशीची पजेरो आली, १९८७ ला स्प्रिंगांवरची नवी पेट्रोल आणि १९९० च्या सुमारास '८०' मालिकेची लँड क्रूझर. जी गाडी फक्त साहेब आणि मेकॅनिक चालवत, तिच्यात आता आजी मांडीवर नातू घेऊन बसू लागली.

आखाती देशांसाठी बनणाऱ्या गाड्यांत मोठा रेडिएटर आणि मागच्यांसाठी वेगळी एसीची जाळी ही सोय आली. १२० च्या वर काटा गेला की टिण-टिण वाजणारी घंटीही आपल्या परिचयाची. हे सगळे कंपनीनेच करून दिलेले कस्टमायझेशन आहे, आणि आमच्या मते कुटुंबाच्या सर्वात उपयोगाचे तेच.

त्या वर्षांत फोर-व्हील असलेल्या एका घरामागे दोन-तीन घरांची सहल होत असे. गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. (शुक्रवार-शनिवार झाली ती २०१३ मध्ये.) डब्यात दशम्या आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या, मागे आइस बॉक्स. कुरियातपासून सूरपर्यंतचा किनारा तेव्हा कच्च्या वाटेचा होता. फिन्स, टिवी करत जायचे तर उंच गाडीच हवी. डांबरी रस्त्याने सूरला जायचे तर बिदबिद-इब्रामार्गे लांबचा वळसा. रुस्ताककडून वादी बनी औफमधून बिलाद सैतला आणि वर डोंगर ओलांडून अल हमराकडे जाणारी वाट तर आजही साध्या गाडीचे काम नाही. नोकरी न करणाऱ्या आमच्या कित्येक भगिनींनी ओमान पाहिला तो या गाड्यांच्या खिडकीतून. एरवी त्यांचे ओमान म्हणजे रुवीतला फ्लॅट, मुलांची शाळा आणि मत्राहचा बाजार एवढेच राहिले असते. या गाडीचा हिशेब करताना हा जमेचा रकाना विसरू नये.

आज काय बसवावे

इतिहासाची चाळण लावली की तीन गोष्टी वर राहतात : चाक, बाहेर काढण्याचे सामान आणि बसण्याची जागा.

चाक. ओमानच्या कच्च्या वाटा पन्हाळी पत्र्यासारख्या असतात आणि खडी धारदार. टायर फाटतो तो बहुधा कडेला. म्हणून पैसे घालायचे तर आधी चांगल्या, मजबूत कडेच्या टायरांत घाला. पूर्ण मापाचे स्टेपनी चाक असू द्या, आणि दूर जायचे तर दोन. वाहिबाच्या वाळूत शिरण्यापूर्वी हवा कमी करावी लागते. रस्त्यावर ३५ च्या आसपास असणारा दाब साधारण १५ ते १८ पर्यंत उतरवला की टायर पसरतो आणि गाडी वाळूत रुतत नाही. उंटाचा तळवा पसरट का असतो, त्याचेच हे उत्तर. पण बाहेर आल्यावर हवा पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीतर डांबरावर तोच टायर तापून फुटतो. म्हणून हवा मोजायचे मीटर आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप या दोन वस्तू चार दिव्यांपेक्षा मोलाच्या. मापापेक्षा मोठी चाके बसवली तर स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही, कमी दाखवतो, हेही ध्यानात ठेवा.

बाहेर काढण्याचे सामान. खोरे, ओढायचा मजबूत पट्टा, जॅकखाली ठेवायला जाड फळी, प्रथमोपचाराची पेटी आणि माणशी दिवसाला किमान ५ लिटर पाणी. वाळूत व दूरच्या वादीत एकटी गाडी न्यायची नाही, निदान दोन हव्यात. हे दुकानात विकत मिळत नाही, पण सर्वात चांगली ॲक्सेसरी तीच.

बसण्याची जागा. पूर्वी मागे समोरासमोर बाकडी बसवून मुले कोंबत. ते दिवस गेले आणि गेले ते बरे झाले. आडव्या बाकावर पट्टा नसेल तर अचानक ब्रेक लागला की मूल थेट काचेवर जाते. २०१८ च्या नियमांनी मागच्यांनाही पट्टा आणि लहान मुलांना त्यांची खास सीट बंधनकारक केली आहे. तेव्हा जेवढे पट्टे तेवढीच माणसे. आइस बॉक्स, गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन जाळीने किंवा दोरीने बांधा. टपावर जड सामान नको, कारण उंच गाडी वळणावर पालथी होते ती डोक्यावरच्या वजनाने. गाडी आणखी उंच करून घेण्याचा मोह याच कारणासाठी टाळावा. शिवाय मूळ बांधणीत फेरफार करायचा तर पोलिसांची परवानगी लागते, ती नसेल तर मुल्कियाच्या वेळी अडकायला होते. विमा घेताना कच्च्या वाटेवरचे नुकसान त्यात धरले आहे का, ते लिहून घ्या.

एक गोष्ट विकत घ्यावी लागत नाही, ती गाडीत असतेच : 'लो' गिअर. बिरकत अल मौजहून जबल अखदरचा घाट चढतो तो सैक पठारापर्यंत, सुमारे २,००० मीटरवर. आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे, यावरून कल्पना करा. हा रस्ता या शतकात डांबरी आणि रुंद झाला, तरी पायथ्याशी पोलीस फोर-व्हील आहे का ते पाहूनच सोडत आले आहेत. अनेकांना वाटते, डांबरी घाटाला फोर-व्हील कशाला? कारण चढणीपेक्षा उतरण अवघड. सतत ब्रेक दाबून उतरले की ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. 'लो' गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. कसारा किंवा खंबाटकी उतरताना ट्रकवाले जे करतात तेच.

पाण्याशी पैज नको

आता ज्यासाठी हा लेख लिहिला, ते.

रस्ते झाले, किनाऱ्याने सूरपर्यंत रुंद महामार्ग आला. पण वादी म्हणजे नदीच, ती आपली वाट विसरत नाही. २००७ च्या जूनमध्ये गोनू वादळाने मस्कतमधला कुरुमचा भाग आणि कुरियात-सूरचा किनारा धुऊन काढला, रस्ते वाहून गेले, नळाचे पाणी काही दिवस बंद होते. २०१० मध्ये फेट आले, २०२१ च्या ऑक्टोबरात शाहीनने बातिना किनारा झोडपला. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर वादळाचे नावही नव्हते, नुसता पाऊस होता. समद अल शानला शाळकरी मुले असलेली गाडी पुरात वाहून गेली आणि अनेक घरांतले दिवे विझले.

फोर-व्हील चारही चाकांना जोर देते. पण जोर लागू होतो तो चाक जमिनीला टेकलेले असेल तर. साधारण एक फूट वाहते पाणी साध्या गाडीला ढकलते, दोन फूट पाणी मोठ्या गाडीलाही उचलते. उलट बंद दारांची मोठी गाडी होडीसारखी तरंगायला लागते, आणि तिला सुकाणू नसते. हजर पर्वतात वर पाऊस पडतो, खाली आपल्या डोक्यावर निळे आकाश असते, आणि कोरड्या पात्रात अर्ध्या मिनिटात लोंढा येतो. म्हणून पात्रात तंबू ठोकायचा नाही, गाडी उभी करायची नाही. वाहती वादी ओलांडणे हा इथे कायद्याने गुन्हा आहे, पण कायद्यासाठी नव्हे, मागे बसलेल्या मुलांसाठी थांबायचे. पाणी बहुधा काही तासांत उतरते. तेवढे तास गाडीत पत्ते खेळा, गाण्याच्या भेंड्या लावा.

जुन्या ओमानी चालकांकडून शिकण्यासारखे हेच आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी रस्ता नसताना या देशात प्रवास केला, ते वादीच्या काठावर निमूटपणे गाडी बंद करून कॉफी काढतात.

मग घ्यावी की नाही?

हिशेब मांडू. २०१५ पर्यंत सुपर पेट्रोल लिटरला १२० बैसा होते, तेव्हा मोठ्या इंजिनाची कोणी फिकीर करत नसे. २०१६ च्या जानेवारीत सबसिडी गेली आणि पुढे २०२१ च्या अखेरीस दर २३९ बैसांवर बांधला गेला, म्हणजे दुप्पट. लिटरला पाच-सहा किलोमीटर देणारी गाडी रोज रुवी ते सीब अशी ऑफिसला न्यायची असेल तर महिनाअखेर कळते.

तेव्हा ज्यांचे जाणे निझवा, सूर, सलाला या डांबरी वाटांनीच होणार आहे, त्यांना साधी गाडी पुरते. यात कमीपणा नाही. रस्ते झाले ते यासाठीच. वर्षातून चार वेळा डोंगरात जायचे असेल तर दोन-तीन कुटुंबांनी मिळून भाड्याने घेणेही परवडते. पण ज्यांना डोंगर-वाळूची खरी ओढ आहे, मुले लहान आहेत आणि अजून पाच-सात वर्षे इथे काढायची आहेत, त्यांनी खुशाल घ्यावी. शक्यतो कंपनीच्या मूळ बांधणीची, नीट सर्व्हिस झालेली, आणि सजावटीचे पैसे वाचवून टायर, पंप व पट्ट्यात घालावेत. मूळ बांधणीतली गाडी पुढे विकायलाही सोपी जाते, आणि आपल्या सर्वांनाच ती कधी ना कधी विकून जायचे आहे.

गाडी इथे राहील. तिच्यातून पाहिलेले जबल शम्सचे कडे, रास अल जिंझची कासवे आणि मागच्या सीटवर झोपलेली मुले हे मात्र आपल्याबरोबर येईल. त्यासाठी गाडी कुठवर जाऊ शकते यापेक्षा ती सगळ्यांना घेऊन परत कशी येईल, याचा विचार आधी करावा, एवढीच सर्व सभासदांना विनंती.